गेले सात दिवस

कारखान्याच्या लेथवर वर्षानुवर्षं लोखंड कातलेल्या टर्नरने चहाचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला.

समोर सरकारी पाहणीची मुलगी मांडीवर टॅब घेऊन बसली होती. बेकारीचे आकडे काढायला निवडलेल्या घरांत हेही घर होतं. दर तीन महिन्यांनी ती येई. मागच्या दोन्ही खेपांना तो घरी नव्हता आणि बायकोने त्याच्या वतीने सांगून टाकलं होतं: कारखान्यात, कायम. म्हणून आज तिने मुद्दाम रविवार गाठला होता.

कारखान्यातलं लेथचं खातं आठ महिन्यांपूर्वी बंद झालं होतं. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो रोज डबा घेऊन निघे, वाचनालयात नाहीतर बसस्टँडच्या बाकावर दिवस काढी आणि पाळी सुटायच्या वेळेला परते. मिळालेल्या भरपाईतून दर महिन्याला ‘पगार’ घरी येई. ती आता संपत आली होती. सुरुवातीला नोकरीसाठी त्याने बरेच उंबरठे झिजवले. मग तेही सुटलं.

अण्णांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, उत्तरं द्यायची पाळी आधी झाली. त्यांनी त्याच कारखान्यात तीस वर्षं काढली होती आणि साहेबांच्या हातापाया पडून मुलाला चिकटवलं होतं. नातीला शाळेत सोडतो, दळण आणतो, हे काम नाही का, असं त्यांनी विचारलं. त्याचे पैसे मिळतात का, असं पाहणीच्या मुलीने विचारलं.

“चहा मिळतो. तोही बिनसाखरेचा.”

बायको खुदकन हसली. तिने पहिल्या खेपेला ‘मी काहीच करत नाही’ म्हणून सांगितलं होतं. पण कोपऱ्यातलं शिलाई मशीन आणि गणवेशांची चळत पाहून मुलीने तिला काम असलेल्यांत धरलं होतं.

“म्हणजे मी बेकार?” अण्णांनी पिच्छा सोडला नाही.

“नाही आजोबा. काम नाही आणि शोधतोय, तो बेकार. शोधतही नाही, त्याला बेकारांत धरत नाहीत.”

“मग कशात धरतात?”

“कशातच नाही. तो हिशेबाबाहेर.”

मुलगी टर्नरकडे वळली.

“आता तुम्ही, दादा. गेल्या सात दिवसांत निदान एक तास तरी काम केलंत?”

मंगळवारी एका दुकानात त्याने फरशीची खोकी उतरवली होती.

“हो,” तो म्हणाला. आठ महिन्यांत एवढंच उत्तर खरं होतं.

“एक तास कसला,” बायको मध्येच म्हणाली, “मान मोडेस्तोवर राबतात हे.” आणि रोजचे तास तीच सांगत गेली. सोमवारी आठ. मंगळवारी दहा, त्या दिवशी उशीर झाला होता, कपडे धुळीने पांढरे झाले होते. आकडे एकेक करून चौकटींत बसत गेले. शेवटी मुलीने बेरीज वाचली: पन्नास. बरोबर ना, म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. सुटलो, असं वाटायला हवं होतं; तसं वाटलं नाही.

मुलीने टॅब पिशवीत टाकला. “तीन महिन्यांनी येईन परत. तेव्हाच्या सात दिवसांचं विचारीन.”

आणखी तीन महिने. तोच बाक, तोच डबा.

“थांबा,” तो म्हणाला. “मंगळवारचे दोन तास. बाकी सगळे खोडा.”

अण्णांनी चष्मा काढला. मुलगी परत बसली. एकदा बायकोकडे, एकदा त्याच्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, “तरी एक तास पुरतो, दादा. तुम्ही काम असलेल्यांतच राहता.”

तेवढ्यावर भागलं असतं. ओव्हरटाइम, रजा, काहीही सांगता आलं असतं. बायको हातातला ट्रे तसाच धरून उभी होती.

“तुमच्यासाठी नाही सांगत,” तो मुलीला म्हणाला आणि बायकोकडे वळला.

“माझी नोकरी गेली, अगं. आठ महिने झाले.”