उबेनं मिटणारी काच

एप्रिलात रूपाली जयंतीसाठी आपल्या गावी, जाफराबादला आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली एक छोटी काच होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं खपून तिनं ती तयार केली होती. दोन काचांच्या मधोमध पॉलिमरच्या जेलचा पातळ थर. गार असला की पारदर्शक, ऊब लागली की दुधासारखा पांढरा. यंत्रातला प्रकाश अशा थरानं हवा तेव्हा अडवायचा, हवा तेव्हा सोडायचा, हेच तिचं काम.

तिची बालमैत्रीण कौसल्या आता गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं हट्टच धरला, "पोरींना दाखवल्याबिगर जायचं न्हाई."

शाळा सकाळची होती, तरी वर्गावरचे पत्रे तापलेले. रूपालीनं टेबलावर काच उभी केली, लेझर लावला. भिंतीवर काहीच उमटलं नाही. काच पांढरीफट्ट. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली.

"काय झालं गं?" कौसल्यानं हळूच विचारलं.

"मिटूनच बसलीय. बत्तीस अंशाच्या वर पांढरी होते ती, अन् हा वर्गच त्याच्यापेक्षा गरम. गार केल्याशिवाय उघडणार न्हाई." पुण्यात मागे पडलेलं 'न्हाई' आपसूक तोंडात आलं.

"मंग गार करू की."

कौसल्यानं माठातल्या पाण्यात रुमाल भिजवला, काचेला गुंडाळला. दोघी खिडकीशी वाऱ्याला काच धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं रुमाल सोडला, तर पांढरेपणा कडेकडेनं विरत चालला होता. भिंतीवर लाल ठिपका पडला आणि वर्ग ओरडला. पायल नावाच्या मुलीनं काचेवर तळवा टेकवून उचलला. तेवढी काच पांढरी झाली, ठिपका गेला. मग प्रत्येकीला तळवा ठेवायचा होता.

वर्ग सुटल्यावर दोघी पायरीवर बसल्या.

"मालनमावशी थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायच्या, आठवतं?" कौसल्या म्हणाली. "तेबी असंच कडेनं उघडायचं. तुझं फक्त उलटं."

रूपालीला आठवलं. केस मोकळे सोडून ओट्यावर बसलेल्या दोघी, गोठलेलं पांढरं तेल, आणि बाटली उन्हाकडे धरून आरपार बघणारी आई, कौसल्याची मालनमावशी. "झालं बरं का, या आता." मग आधी कौसल्याची वेणी, कारण ती परक्या घरची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तो ओटा कधी डोळ्यांपुढे आला नव्हता. रूपाली हसली, आणि हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. कौसल्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

"दुपारच्या गाडीनं जातीस?" मग तिनं विचारलं.

"उद्या जाईन," रूपाली म्हणाली. "आठवीच्या पोरींना दाखवायचं राहिलंय ना?"