मिनारी, कृमी आणि माझी अहिंसा

सुनेला दिवस गेले तेव्हा मी नवस बोलले, की बाळ सुखरूप हाती येईपर्यंत रोज पहाटे बुद्धासमोर एकशेआठ दंडवत घालीन, एकही पहाट चुकवणार नाही. जीव न मारण्याचं व्रत तर त्याच्याही आधीपासूनचं. डाससुद्धा मी वाटीखाली पकडून अंगणात सोडते. आमच्या ह्यांच्या मते तो माझ्याआधी घरात परततो.

हे नदीतला मासा कच्चाच, तिखट लावून खातात. मी समोर बसून ओढ्याकाठची कोवळी मिनारी, तीही कच्चीच, खात खात त्यांना सांगायची, "जंत होतील हं पोटात!" उपदेश तोंडी लावला की पालेभाजी फार गोड लागते.

मग मला ताप येऊ लागला. उजव्या बरगडीखाली अशी कळ निघायची की दंडवत अर्ध्यावर आले की मी तिथेच आडवी, उरलेले मग कसेबसे पुरे करायची. शेवटी शहरातल्या डॉक्टर तकांनी रक्त तपासलं, फोटो काढले.

"यकृतात कृमी आहेत, आजी."

"ह्यांच्या?"

"तुमच्या. गुरं चरतात तिथली मिनारी कच्ची खाता ना?"

हे इतके हसले की नर्सने त्यांना पाणी आणून दिलं. मी हट्टाने त्यांचंही रक्त तपासायला लावलं. अगदी स्वच्छ निघालं.

"गोळ्या देतो, सगळे मरतील," डॉक्टर म्हणाले.

"मरतील? माझं व्रत आहे हो."

"मग काय, त्यांना बसचं तिकीट काढून देऊ?" त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "ह्या बघा, इओसिनोफिल, पांढऱ्या पेशी. एरवी थोड्याच असतात, तुमच्यात फौज उभी राहिलीय. कृमी त्यांच्यापुढे डोंगराएवढा, गिळता येत नाही. मग त्याला चिकटतात आणि अंगातलं विष त्याच्यावर ओततात. तुमचं व्रत त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही."

"मग त्याच संपवतील की!" मी हळूच म्हणाले. पाप परस्पर होत असेल तर माझी ना नव्हती.

"त्यांच्याने आटपत नाहीये. त्या विषाने तुमचंच यकृत सुजतंय. गोळी नाही घेतलीत तर दंडवत सोडाच, नातवंडालाही उचलता येणार नाही."

परतताना मठात गेले. भिक्खुणी म्योंगअन सुनिम कोबीला मीठ चोळत होत्या. मी सगळं सांगितलं. 'आता मी काय करू?' हेही फार करुण आवाजात विचारलं.

"बोसल," त्या म्हणाल्या. मठात आम्हा भक्त बायकांना अशीच हाक मारतात. "त्या पेशी जीव नाहीत का? लढून लढून मरतायत बिचाऱ्या. त्यांची दया कुणी करायची?"

त्यांनी कोबीचं पुढचं पान उचललं.

"आणि खरं सांग. 'जीव गेला तरी बेहत्तर, पण मी गोळी घेतली नाही,' असं चारचौघींत सांगायला आवडलं असतं ना तुला?"

मी कोबीकडे बघत राहिले. चारचौघी कोण कोण, हेही माझं ठरलं होतं.

घरी जेवण झाल्यावर गोळ्या तळहातावर घेतल्या आणि कृमींना चांगला जन्म मिळो म्हणून डोळे मिटले. बराच वेळ झाला.

"अगं," ह्यांनी डोकावून विचारलं, "प्रार्थना चाललीय, की ते आपणहून निघून जायची वाट बघतेयस?"

गिळल्या एकदाच्या.

पहाटे ताप होताच. भिंतीला टेकत, थांबत, दंडवत पुरे केले. शेवटच्या वेळी कपाळ जमिनीला लागलं तेव्हा बाळासाठी मागायचं मागून झालं, आणि मग मी बरगडीवर हात ठेवून हलकेच म्हणाले, "बायांनो, जरा दम धरा, मदत निघालीय."