चाळिसाव्या दिवसाची आंघोळ

"दूध पाजलंय मी तिला," कापडदुकानवाल्यांची बतूल म्हणाली, आणि हमामातल्या बादल्यांचा आवाज थांबला.

गुरुवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी जुम्मा, त्यामुळे अख्खी गल्ली मधल्या खोलीत पाय पसरून बसलेली. तामू बतूलची पाठ घासत होती आणि मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. बतूलनं मान वळवली, डोळ्यांत पाणी आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू कामावर असायचीस गं तामू. पोर रडून रडून निळी पडायची. मला बघवेना. घेतली छातीशी. आता तुझी शामा आणि माझा झुहैर दूधभावंडं झाली. निकाह कसा लावायचा त्यांचा, तूच सांग."

एका बाईचं दूध प्यायलेली मुलं सख्ख्या भावंडांसारखी. त्यावर वाद नाही की तोड नाही. खोलीतल्या बायका हळहळल्या. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, वेळेवर आठवलं."

तामूचा हात बतूलच्या पाठीवर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "उजवा हात वर कर," आणि काख घासायला लागली. तिच्या जागी मी असते तर बादलीभर उकळतं पाणी ओतलं असतं.

मी यमना. मोरोक्कोतल्या मेकनेसच्या जुन्या गावातल्या ह्या हमामाच्या दाराशी बसते, बायकांचे कपडे सांभाळते. तामू आत अंग घासते. अंग घासणारीला काय काय दिसतं ते विचारू नका. नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ दिसतात, होणाऱ्या जावयापासून लपवलेले पोरींच्या अंगावरचे डाग दिसतात. आतलं पाण्याबरोबर आतच वाहून जातं, एवढ्या एका भरवशावर आमच्या चुली पेटतात. सुना शोधायला आलेल्या सासवा तामूला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, "अमकीची पोरगी अंगानं कशी आहे गं?" तामू म्हणायची, "मला चष्मा लागलाय, काही दिसत नाही." तिला चष्मा कधीच लागलेला नाही.

तर आता बतूलच्या दुधाची गोष्ट.

लग्नाला वर्षांमागून वर्षं झाली तरी बतूलची कूस उजवत नव्हती. सासू दुसरी सून आणायच्या गोष्टी उघड करत होती. मग बतूल लांब उजदा शहरात बहिणीकडे जाऊन राहिली, आणि कितीतरी महिन्यांनी आली ती कुशीत झुहैरला घेऊनच. चाळिसाव्या दिवशी बाळंतिणीची आंघोळ. मेणबत्त्या लावून, गात, टाळ्या पिटत बायका तिला आमच्या हमामात घेऊन आल्या. तामूनं तिला आतल्या गरम खोलीत नेऊन बसवलं, अंगाला काळा साबण लावला आणि तिचा हात थबकला. पोट कुमारिकेसारखं. छाती कोरडी ठाक. मी शेजारी बादली भरत होते, मलाही दिसलं. बतूलनं तामूचं मनगट असं धरलं की नखं रुतली. आणि दारात सासू येऊन उभी, "काय गं तामू, सून कशी आहे माझी?"

तामू मोठ्यांदा ओरडली, "अल्लाची मेहेरबानी! दूध नुसतं उतू चाललंय!"

बाहेर बायकांनी आनंदाची आरोळी ठोकली. त्या आरोळीवर बतूलचा संसार उभा राहिला. पोर कुणाचं, हे तामूनं विचारलं नाही. बतूलनं सांगितलं नाही. आम्ही तिघी परत त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

पुढे तामूचा नवरा स्पेनला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. शामा तेव्हा तान्ही होती. बतूल स्वतः येऊन म्हणाली, "पोर माझ्याकडे टाक आणि कामाला जा." तामूनं टाकली. खोटं कशाला बोलू, बतूलनं तेव्हा जीव लावला. बाटलीनं दूध पाजलं, झुहैरच्या शेजारी झोपवलं. तामू रोज संध्याकाळी ओल्या केसांनी जाऊन पोर घ्यायची आणि दोघी अंगणात चहा प्यायच्या. कोणी कोणाचे उपकार मोजत नव्हतं.

मुलं मोठी झाली. झुहैर बापाचं कापडाचं दुकान बघायला लागला, शामा भरतकाम शिकली. आणि झुहैर एक दिवस आईला म्हणाला, लग्न करीन तर शामाशीच. अंग घासणारणीची पोरगी सून म्हणून नको, असं बतूलला तोंडानं म्हणता येईना. मुलगा ऐकणारा नव्हता. मग तिला दूध आठवलं. तामूनं तिला उसनं दिलेलं दूध! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्या रात्री शामानं आईला धरलं. मी तिथेच बसले होते.

"खरं आहे का हे, यम्मा?"

"नाही."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"सांगितलं. ती हो म्हणते, मी नाही म्हणते. मी तर कामावर होते. कुणाचं खरं धरतील?"

"तुला काहीतरी माहीत आहे. तू हनुवटी अशी धरतेस ना, तेव्हा तू काहीतरी गिळत असतेस."

तामू म्हणाली, "जेव." शामानं ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मशिदीत धर्माचे नियम सांगणाऱ्या फकीहसाहेबांकडे मी आणि तामू गेलो. म्हातारा भला माणूस. म्हणाला, "पाजणारी सांगते पाजलं म्हणून, तर शंका आलीच. शंकेत निकाह लावू नये. पुढच्या जुम्म्याला तिच्या घरी बसू. तिनं कुराणावर हात ठेवून सांगितलं की विषय संपला."

आदल्या दिवशी बतूल नेहमीसारखी आंघोळीला आली. निर्लज्जपणाची कमाल! लवकर आली होती, आत कोणी नव्हतं. तामूनं तिला घासायला बसवलं आणि मी मुद्दामच तिथं फरशी धूत राहिले.

"बतूल, उद्या सांग की चूक झाली. पाजलं ते दुसऱ्या कुणाचं तरी पोर होतं म्हण. मी मान खाली घालून हो म्हणेन."

"आता कसं म्हणू? सगळी गल्ली ऐकून बसलीय."

"माझी पोर जेवत नाही."

"माझा तरी कुठं बोलतोय माझ्याशी? दोन महिने रडतील आणि विसरतील. मी शामाला चांगलं स्थळ बघून देते, सगळं सामान माझ्याकडून."

"आणि मी बोलले तर?"

बतूल हसली. कुत्सित नाही, अगदी मायेनं हसली, आणि त्याचाच मला अजून संताप येतो. म्हणाली, "तू नाही बोलणार. मी ओळखते तुला. तुझ्याएवढा भरवसा मी माझ्या आईवर टाकला नाही."

तामूनं तिच्या पाठीवर पाणी ओतलं. घासलं नाही, नुसतं ओतलं.

जुम्म्याची नमाज झाली. बतूलच्या दिवाणखान्यात रव्याच्या कुसकुसची परात मधोमध ठेवलेली, पण कुणी हात लावत नव्हतं. फकीहसाहेब, गल्लीतल्या पाच-सहा बायका, दाराशी झुहैर, माझ्या शेजारी शामा. तामू कामाचे ओले बूट बाहेर काढून आली होती. फकीहसाहेबांनी कुराण पुढे ठेवलं आणि म्हणाले, "बोल, मुली. अल्ला बघतोय."

बतूलनं हात पुढे केला.

"हात मागे घे," तामू म्हणाली. "खोट्या शपथेचं पाप घेऊ नकोस. आणि मला एकच सांग. दूध आलं कुठून, बतूल?"

कुणाला आधी कळलंच नाही. मग एकेकीचा चेहरा बदलत गेला. शेजारची राबिया फणकारली, "अगं, चाळिसाव्याला तूच ओरडली होतीस ना, दूध उतू चाललंय म्हणून? माझ्या कानांनी ऐकलंय!"

"हो. मीच ओरडले होते."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस का आत्ता बोलतेस?"

तामूनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बतूलकडे बघत होती. झुहैर दारातून दोन पावलं आत आला.

"यम्मा? ही काय म्हणते?"

बतूलचा हात कुराणाच्या वर अधांतरी होता. तिनं तो हळूच मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. बस्स. झुहैरनं त्या हाताकडे बघितलं. मग तो बाहेर पडला. जिन्यावर त्याचे पाय अडखळल्याचं आम्ही ऐकलं.

निकाह झाला. टँजिअरला, झुहैरच्या मित्राच्या घरी, ना गाणं ना मेंदी. दोघं आता तिकडेच असतात. तो बतूलशी बोलत नाही. जायच्या आदल्या दिवशी शामानं आईचा हात ओठांना लावला, मिठी मारली आणि म्हणाली, "यम्मा, त्याला एकट्याला बोलावून सांगता आलं असतं तुला. सगळ्यांसमोर का?"

तामू म्हणाली, "तिचा हात पुढे गेला होता गं."

शामाला ते पटलं नाही. मला पटलं, पण मला कोण विचारतंय?

त्या जुम्म्यानंतरचा गुरुवार आला. बायका माझ्याकडे पिशव्या देऊन आत गेल्या. मी टॉवेल न्यायला गेले तर बघते काय, सगळ्या एकमेकींच्या पाठी घासताहेत. राबिया तिच्या भावजयीची, भावजय आणखी कुणाची. तामू कट्ट्यावर तिच्या जागी, हातात घासायचा हातमोजा चढवून, बादली भरून बसलेली. तिच्याकडे कुणी जाईना. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. राबिया माझ्या तोंडावर म्हणाली, "आज बतूलचं बोलली, उद्या माझं बोलेल."

माझं डोकंच फिरलं. "काय गं, इतकी वर्षं तुझ्या मांडीवरचा डाग कुणी सांगितला का? आणि जिनं सगळ्या गल्लीसमोर खोटं सांगितलं तिच्याबद्दल एक शब्द नाही?"

"तिचाही नाही भरवसा," राबिया म्हणाली. "आता कुणाचाच नाही." आणि चप्पल सरकवून गेली. जिनं कुणाचं पोर घरात घेतलं तिचं चुकलं, जिनं झाकलं तिचं चुकलं, जिनं उघडलं तिचं चुकलं. ह्या बायकांचं मात्र कधीच काही चुकत नाही.

हमामाच्या मालकानं मला दुसरी घासणारी शोधायला सांगितलं. तामूला कळलं होतं. तरी ती येऊन बसायची, पाणी भरून ठेवायची.

ईदच्या आदल्या दिवशी हमाम गच्च भरला होता. बतूल आली. तिनं पिशवी माझ्यासमोर ठेवली, माझ्याकडे न बघता. मी काही म्हणणार नव्हते, पण तिच्या मागोमाग आत गेले. तिला बघून बायका सरकल्या, म्हणजे तिला जागा करून द्यायला नाही, तिच्यापासून लांब. ती सरळ मधल्या खोलीतून चालत गेली आणि तामूच्या समोर पाठ करून बसली. लपवायचं काही उरलं नव्हतं तिच्याकडे. अंगाला लपेटलेलं फडकंसुद्धा तिनं बाजूला ठेवलं.

"घास," ती म्हणाली.

तामू बसून राहिली. बादलीतलं पाणी थंड व्हायला लागलं असेल. मला वाटलं, आता ही तिच्या पाठीवर थुंकेल, आणि थुंकली असती तर मी तिला चूळ भरायला पाणी दिलं असतं.

तामूनं तांब्याभर पाणी ओतलं, हातमोजा घट्ट केला आणि घासायला लागली. जोरात. खांद्यापासून कमरेपर्यंत, परत वर, परत खाली. पाठ लालभडक झाली, मळाच्या वळ्या फरशीवर पडायला लागल्या.

"हळू गं," बतूल म्हणाली.

"गप बस," तामू म्हणाली. "उजवा हात वर कर."

बतूलनं हात वर केला.