सोजरबाईचा मुठीचा डबा

मित्रांनो, झाकणाला हात लावण्याआधी जरा थांबा. तुमचे हात मला आधी नीट बघू द्या. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि आयुष्यभर मी माणसं हातावरूनच ओळखत आलो. तोंडाला मी भुलत नाही. तोंड प्रार्थना म्हणत असतं आणि हात भलतीकडेच असतो, असं झाकणाच्या फटीतून मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मूळचा मी गोडेतेलाचा. तेल संपलं आणि सोलापुरातल्या एका पत्रेवाल्यानं मला कापलं, ठोकलं, डाख देऊन कडीचं झाकण बसवलं. सोजरबाई मला विकत घ्यायला आली, तेव्हा तिनं मला उन्हात धरून भोकं शोधली, पाणी भरून गळतो का ते पाहिलं आणि तरीही पत्रेवाल्याकडे अशी काही बघत राहिली, की त्या बिचाऱ्यानं आपण होऊन आणखी एक डाख दिला. खाण तशी माती म्हणतात. माझा स्वभाव त्या घरात गेल्यावर असा झाला, यात माझा काय दोष?

घर म्हणजे गिरणीमागच्या चाळीतल्या दोन खोल्या. सोजरबाईचा नवरा रावजी गिरणीच्या गेटवर पहारेकरी होता. सुटी झाली की कामगारांची झडती घेणं हे त्याचं काम, पण माणूस इतका भोळा, की घरातली झडती सोजरबाईलाच घ्यावी लागे. माणसं ख्रिस्ती. संध्याकाळी जेवणाआधी सगळे चटईवर बसत, गीत होई, शास्त्रपाठ होई आणि मग रावजी धडा देई. धड्याला त्याला काहीही चालायचं. कंदिलाची वात, भाकरीतलं मीठ, सदऱ्याचं तुटलेलं बटण. कशातूनही तो देवापर्यंत पोचायचा. एकदा दूध उतू गेलं, तर त्यावरही तो क्षमेचा धडा देऊन मोकळा झाला. दुधावर लक्ष ठेवायचं काम त्याचंच होतं, म्हणून माझ्या मनात तेव्हाही पाल चुकचुकली होती.

माझं काम सोपं होतं. दळणासाठी धान्य काढलं की पहिली मूठ देवाची, ती माझ्यात पडायची. म्हणून मला मुठीचा डबा म्हणत. वर्षातून एकदा, सुगीनंतर देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, मंडळीतल्या बाया असे डबे ख्रिस्तमंदिरात नेत आणि वेदीपुढे ओतत. ते धान्य मग ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना वाटलं जाई. सगळ्यांत जड डबा दरवर्षी सोजरबाईचा. मला उचलताना मंदिराची व्यवस्था बघणाऱ्या डीकनसाहेबांच्या कपाळाला घाम यायचा आणि सोजरबाई पदर सावरत इकडेतिकडे बघायची, पाहणारं कुणी आहे ना याची खात्री करायला. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मालदांडी ज्वारीचे मोत्यासारखे दाणे दिसेनासे झाले आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळू लागला. मिलोला ना चव ना रूप, पण तोही मोजून मिळायचा. त्याच सुमाराला घरात सून आली. तिचं नाव एस्तेर, माहेर माळशिरसकडचं. तिचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. नवरा येशुदास कुर्डुवाडीला रेल्वेत, रविवारी तेवढा घरी यायचा. म्हणजे आठवडाभर घरात सासू, सून, धडे देणारा सासरा आणि फळीवर मी.

सोजरबाईनं सुनेला मुठीची रीत शिकवली. सून मूठ टाकायची तेव्हा सासू समोर उभी असायची. मूठ भरलेली आहे की नुसती आवळलेली, हे ती बोटांवरून ओळखायची. तरीसुद्धा माझं पोट भरेना. दर रविवारी सोजरबाई नखानं मला वाजवून बघे. पूर्वी मी धप्प वाजायचो, आता टण्ण वाजू लागलो. सोजरबाईच्या कपाळावर आठी पडायची.

उंदरांवर तिचा संशय आधी गेला. मग नवऱ्यावर गेला, कारण भिकाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवणं रावजीच्या जिवावर यायचं. मग शेजारच्या गुरम्मावर गेला. गुरम्मा लिंगायत, अक्कलकोटकडची, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची. तिचा मुलगा माग बंद पडल्यावर बायकोला घेऊन लांब कालव्याच्या कामावर गेला होता आणि नात आजीपाशी होती. गुरम्मा मानी. कुणाच्या दारात भांडं घेऊन उभी राहील तर शपथ. पण सोजरबाईला वाटे, जी इतकी काही मागत नाही, ती घेते कुठून?

मला मात्र चोर ठाऊक होता. सोजरबाई नळावर पाण्याच्या रांगेत गेली, की एक हात यायचा. बांगड्या वाजू नयेत म्हणून आधी कोपराकडे सरकवलेल्या. झाकण हळूच उघडायचं, एक मूठ बाहेर जायची, झाकण हळूच लागायचं. तो हात एस्तेरचा होता. उजव्या हातानं देवाला द्यायचं आणि डाव्या हातानं काढून घ्यायचं! मी मनातल्या मनात म्हटलं, पोरी, माळशिरसची एसटी धान्य पोचवते वाटतं तुझ्या माहेरी.

सोजरबाईनं सापळा लावला. कंदिलाच्या काचेची काजळी तिनं माझ्या झाकणाच्या आतल्या कडेला सारवली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पाण्याला गेली. संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले. सोजरबाईनं हात जोडले, पण डोळे उघडे ठेवले. रावजीची बोटं काळी! तिनं दात आवळले, मग आठवलं, कंदील आज त्यानंच पुसला होता. मग तिनं सुनेकडे पाहिलं. एस्तेरच्या डाव्या हाताच्या बोटांवर, नखांच्या कडेनं, काजळी होती. धुऊनही ती पुरती गेली नव्हती.

आमेन झालं न झालं तोच सोजरबाईनं तिचा हात धरून कंदिलापाशी ओढला. देवाच्या मुठीला हात लावलास, म्हणाली. माहेरी पोचवत होतीस ना, म्हणाली. एस्तेरचा चेहरा उतरला, पण आवाज ठाम होता.

"आत्याबाई, मी खाल्लं न्हाय आन म्हायेरालाबी दिलं न्हाय."

"मग कुटं गेलं?"

सोजरबाईनं धाक घातला, गोड बोलून पाहिलं, शेवटी पाळकसाहेबांचं नाव काढलं. पोरगी ताकास तूर लागू देईना. रावजीनं घसा खाकरून काजळीवर धडा सुरू केला, तर बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाण्याचा तांब्या शोधू लागला. निकाल झाला. उपकारस्तुतीचा रविवार उरकला की सोमवारी सुनेला माळशिरसला पोचवायचं. चोर म्हणून माहेरी परतलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. एस्तेरनं रडत आपली ट्रंक भरली. मला जराही वाईट वाटलं नाही. खरं असतं तर बोलली असती, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवसापासून सुनेला धान्याला हात लावायची बंदी झाली. दळण सोजरबाई स्वतः घेऊन निघाली, आणि मला घरी सोडायचा तिला धीर होईना, म्हणून मलाही काखेत मारलं. घरात जातं नव्हतं. चक्कीची वीज तेव्हा कधी यायची, कधी जायची, म्हणून एस्तेर गुरम्माच्या पडवीतल्या जात्यावर दळायची. सोजरबाई तिथंच बसली. जात्याच्या खुंट्यावर तिला काजळीची बोटं दिसली. तिनं डोळे बारीक केले. मीही कान टवकारले. कुठंतरी पाणी मुरत होतं, हे नक्की.

दळण झालं. सोजरबाईचा हात मोठा चोख. तिनं जातं चहूबाजूंनी पदरानं असं पुसून घेतलं, की कणभर पीठ मागं राहिलं नाही. इतक्यात गुरम्माची नात आली. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं आलेलं. हातात वाटी होती. आमच्याकडे न बघता ती सरळ जात्यापाशी गेली, जात्याच्या तोंडात बोटं घातली, चाचपली आणि वळून विचारलं, "अज्जी, इवत्त इल्लेनु?"

आजी, आज नाही का? एवढं कानडी सोलापुरात कुणालाही कळतं. गुरम्मानं नातीला चटकन जवळ ओढलं आणि मान दुसरीकडे फिरवली. मग तीच खालच्या मानेनं म्हणाली, "तुमची सून लई रीतीची हाय, सोजरबाई. दुसऱ्याचं जातं उपाशी सोडू न्हाय म्हंती. रोज एक मूठ ठिवून जाती. म्या मागितलं न्हाय की."

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, मला पोट आहे पण आतडं नाही. पण माझा हिशेब चुकला होता, हे तेव्हा मलाही कळलं. रीतच होती ती आपल्याकडे. ज्याच्या जात्यावर दळावं, त्याच्या जात्याच्या तोंडात जाताना चार दाणे ठेवावेत. ती भीक नव्हे, जात्याचा मान. गुरम्माला भीक घेता आली नसती. जात्यातले दाणे तिला खाली मान न घालता उचलता येत होते. आणि एस्तेरनं तोंड उघडलं असतं, तर ते दाणे त्याच दिवशी भीक झाले असते. म्हणून ती चोर म्हणवून घेऊन ट्रंक भरत होती.

सोजरबाईनं आपणच पुसून काढलेल्या जात्याकडे पाहिलं. मग तिनं माझं झाकण उघडलं. मी कडी घट्ट धरून ठेवली होती, खरंच सांगतो, कारण रविवार जवळ आला होता आणि माझी अब्रू तिच्या हातात होती. तिनं कडी ओढली, पुरी मूठ भरली आणि जात्याच्या तोंडात ओतली. "इसरलेच व्हते बघा," एवढंच गुरम्माला म्हणाली. घरी येऊन सुनेला मात्र एक शब्द बोलली नाही. मानी बाई ती, चुकले म्हणणं तिला येतच नव्हतं. एस्तेरची ट्रंक कोपऱ्यात तशीच बंद होती. तीन दिवस सासू रोज मला काखेत घेऊन गुरम्माकडे दळायला गेली, आणि सून रोज ट्रंकेकडे बघत राहिली. त्या घरात कुणाच्या मनात काय आहे, ते मलाही कळेना.

रविवार आला. हंगाम नव्हताच, तरी पाळकसाहेबांनी सण ठेवला होता. वेदीपुढे डबे मांडले गेले. सारजाबाई नावाची एक बाई होती, तिला प्रत्येकाचा डबा उचलून बघायची खोड. तिनं मला उचललं आणि मी एका हातात अलगद वर गेलो. आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सारजाबाई कुजबुजली, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी, की सोजरबाईचा डबा आणि इतका हलका? घरात नवी सून आली म्हणायची.

मंदिरातल्या सगळ्या नजरा एस्तेरकडे वळल्या. तिनं मान खाली घातली. शेजारी बसलेला येशुदास आईकडे बघू लागला. सोजरबाईनं एक शब्द बोलायचा अवकाश, पोरगी कायमची चोर ठरली असती. आणि खरं काय ते सांगितलं असतं, तर गुरम्माची अब्रू गेली असती.

सोजरबाई उठली. दरवर्षी तारीफ ऐकत जिथं उभी राहायची, तिथंच जाऊन उभी राहिली.

"सुनंकडं काय बगता?" ती म्हणाली. "डब्यातलं धान्य म्या काडलंय. या हातानं."

कुठं गेलं ते कुणी विचारलं, पण तिनं सांगितलं नाही. सारजाबाईच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फटीतून स्पष्ट दिसत होता. माझ्या पोटातले थोडेसे दाणे वेदीपुढे ओतले गेले. त्यांचा आवाजही झाला नाही. सोजरबाई बाकावर परतली आणि तिनं मला रिकाम्यालाच सुनेच्या मांडीवर ठेवलं. एस्तेरनं मला दोन्ही हातांनी धरलं. माझ्या झाकणावर टपटप पाणी पडलं. कुणाचं पडलं ते मी सांगणार नाही, कारण त्या दोघीही माझ्यावर वाकल्या होत्या.

त्या संध्याकाळी रावजीनं मला चटईवर मधोमध ठेवलं आणि धड्यासाठी घसा खाकरला. मग बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि नुसतंच आमेन म्हणाला. माझ्या मते त्याचा तो सगळ्यांत चांगला धडा होता. सोमवारी माळशिरसला कुणी गेलं नाही.

पुढं चांगली वर्षं आली, स्टीलचे डबे आले, मी फळीवरून माळ्यावर गेलो. माझा स्वभाव काही बदलला नाही, अजूनही मी तुमचे हात बघतोच. पण मित्रांनो, घरातला एखादा डबा हलका लागला, तर लगेच घरच्या माणसाच्या बोटांवर काजळी शोधू नका. आधी शेजारच्या घरात चूल पेटली आहे का, ते बघून या. आणि जाताना माझं झाकण तेवढं घट्ट लावा. उंदरांचं मला अजूनही काही खरं वाटत नाही.