दुपारी बाराची पाहुणी

टेबल मांडून झालं तेव्हा नायदाच्या हातांत त्राण उरलं नव्हतं. काळं कापड, त्यावर आईचा, सबीनाचा फोटो, पुढे पावाच्या बाहुल्या, तिला वरून उतरायला पावाचीच शिडी आणि शेंगदाण्याचं सूप. एल आल्तो शहरात मेलेली माणसं नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी दुपारी बाराला घरी जेवायला येतात, आणि पहिल्या वर्षाच्या ताटात काही कमी पडून चालत नाही. पीठ मळायला, भट्टीपुढे ताटकळायला या सोळा वर्षांच्या पोरीच्या मदतीला होतं कोण? बाप कामाला म्हणून चिलीत गेला, तो तिकडचाच झाला.

मदतीला कुणी नव्हतं, पण परीक्षा घ्यायला मात्र फेलिपामावशी कोचाबाम्बाहून हजर झाली होती. नायदाच्या धाकट्या भावाला, सात वर्षांच्या रुदीला, ती घेऊन जाणार म्हणे.

"आई गेल्यापासून मीच सांभाळते ना त्याला?" नायदा फणकारली.

"सांभाळतेस ते दिसतंय. आरशात बघ जरा."

"मला कुणाची गरज नाही."

"बरं बाई, महाराणी! आजचं ताट नीट पार पाड, मग बोलू."

म्हणजे सगळं आजच्यावर आलं. रुदी गेला तर सकाळी उठायचं तरी कुणासाठी? त्याच्यासाठीच तर ती शाळा सोडून बाजारात मटणाच्या गाळ्यावर उभी राहायची. गिऱ्हाइकाला मटण तोडून द्यायचं आणि मधल्या वेळात माश्या मारायच्या.

बारा वाजत आले. "माशी आली की समजायचं, आई आली," मावशीने रुदीला बजावलं. "हाकलायची नाही. जेवू द्यायचं तिला."

नायदाला हे सांगावं लागत नव्हतं, पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. रुदी दारात जाऊन आभाळाकडे बघत बसला. मावशीने जपमाळ हातात घेतली. ते पुटपुटणं, सुपाची ऊब आणि कितीतरी दिवसांनी भिंतीला टेकलेली पाठ. नायदाचा डोळा लागला.

गालावर काहीतरी वळवळलं. हात आपोआप उठला, गाळ्यावर उठायचा तसाच.

चट्ट!

मावशीचं पुटपुटणं थांबलं. नायदाने तळवा पाहिला. त्यावर चिरडलेली माशी होती.

"आई आली?" रुदी धावत आला.

मूठ मिटायची आणि "अजून नाही" म्हणायचं, एवढंच तर होतं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"आली होती," ती म्हणाली. "मी मारली रे तिला. झोपेत." आणि आईला पुरतानाही न रडलेली ती पोर हमसून हमसून रडायला लागली. "ने त्याला, मावशी. मला नाही जमत. खूप दमलेय मी. मलाही ने ना!"

मावशीने तिला कुशीत ओढलं. "अगं खुळे, तुलाच न्यायला आले होते. पण तुझं नाव काढलं असतं, तर दारातूनच हाकललं असतंस मला." मग तिने शालीच्या टोकाने त्या पोरीचा तळवा पुसला. "आणि मेलेलं माणूस पुन्हा मरतं का कुठे? उद्या दुपारपर्यंत मुक्काम आहे तिचा, येईल परत. तू झोप."

नायदा बाकावर आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली. रुदी तिच्या उशाशी बसला. मावशीने जेवायला हाक मारली तरी तो हलला नाही. नजर सुपावर ठेवून त्याने बहिणीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, आई परत आली तर म्हणून.