कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर एकदाचा गेला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हळहळली ती थोरली जाऊ. खरं तर त्या धुळकट खोक्यात हळहळण्यासारखं काही नव्हतं. घराच्या तळमजल्यावर भरतकामाचा छोटा कारखाना होता. गणवेशांवरचे बिल्ले, कपड्यांच्या किनारी मशीनवर भरून द्यायच्या. त्यांची डिझाइनं बनवायचं सॉफ्टवेअर इतकं जुनाट, की नव्या कॉम्प्युटरवर ते चालायलाच तयार नसे. आणि जुना कॉम्प्युटर महालहरी. तो कधी रुसतो, कुठली वायर हलवली की मानतो, हे फक्त थोरलीला ठाऊक. त्यामुळे नवरा, दीर, खुद्द सासूबाईसुद्धा 'अगं, जरा बघतेस का' म्हणत तिला शोधत यायच्या. ती 'आले हं' म्हणायची आणि मुद्दाम थोडा उशीर करायची. राज्य लहान होतं, पण होतं तिचंच.

धाकटी जाऊ घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिने मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून नव्याला जोडली, दोन दिवस काहीबाही खुडबुड केली आणि एका सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं. पडद्यावर एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा सुरू झाला. त्याच फायली, तेच सॉफ्टवेअर. फक्त रुसणं तेवढं गेलं होतं.

"याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात," धाकटी म्हणाली. "नव्याच्या पोटात जुना. आतल्याला वाटतं, आपण स्वतंत्रच आहोत."

"आणि बिघडला तर?" थोरलीने विचारलं. आवाजात काळजीपेक्षा आशाच जास्त होती.

"त्यासाठी स्नॅपशॉट काढून ठेवलाय, ताई. आत्ता जसा आहे तसा जपून ठेवलाय म्हणा ना. पुढे काही बिनसलं, तर इथे दाबून परत आजच्या घडीला यायचं. मधलं मात्र पुसलं जातं हं."

सासूबाईंनी स्वतः माऊस हातात घेतला, खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली. "गुणाची गं पोर!" म्हणाल्या. इतक्या वर्षांत थोरलीच्या वाट्याला 'चाललंय बरं' याच्यापुढे काही आलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवसापासून तिला कुणी शोधत येईना. बरं, धाकटी उद्धट असती तर भांडून मोकळं होता आलं असतं. ती मेली चांगली होती, हीच पंचाईत. चहा करताना आधी ताईंचा कप भरायची. थोरलीला तो चहाही कडू लागायचा.

पुढे एका हॉस्पिटलच्या गणवेशांचं काम आलं. धाकटीने बिल्ला करायला घेतला. थोरलीनेही त्याच खिडकीत, आपल्या पाळीला, एका किनारीसाठी वेल रेखायला घेतली. पानापानाला वळण देत तिने तीत जीव ओतला. पण जो तो यायचा आणि विचारायचा, "बिल्ला कुठवर आलाय?" वेलीचं नाव कुणी काढलं नाही.

हॉस्पिटलवाल्यांना बिल्ला दाखवायच्या आदल्या दुपारी सगळे वर जेवायला गेले. डोकं दुखतंय म्हणून थोरली खालीच राहिली. तिने स्नॅपशॉट शोधला. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने विचारलंही, सध्याचं जपून ठेवायचं का? तिने 'नाही' दाबलं. खिडकी काळी झाली, पुन्हा उजळली. बिल्ल्याचा मागमूस उरला नव्हता. थोरलीला काय गार वाटलं म्हणून सांगू! डोकं दुखत होतं ते खरंच असतं, तर तेही थांबलं असतं.

जेवून धाकटी आली, खिडकी उघडली आणि बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमची वेलही गेली हो."

"माझी वेल? अगं, पण मी तर फक्त तुझा..."

थोरलीने जीभ चावली. पण जे निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं. धाकटीने स्नॅपशॉटच्या बटणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तेवढ्यात सासूबाई जिना उतरून आल्या.

"आई, बिल्ला पुसला गेला," धाकटी म्हणाली. "माझ्याच हातून झालं. चुकून मागचा स्नॅपशॉट लावला."

"होतं गं असं. पुन्हा कर, मी सांगते त्यांना थांबायला," म्हणत सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाप थोरलीचं, आणि त्यावरही माया मिळाली धाकटीलाच! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, आणि तरी पोटात जळतच होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकाच्या दोन खिडक्या झाल्या होत्या.

"ताई, व्हर्च्युअल मशीनची दुसरी प्रत काढली," धाकटी मान वर न करता म्हणाली. "हे तुमचं, ते माझं. तुमच्यात मी हात घालणार नाही. पासवर्ड तुमचा तुम्हीच ठेवा."

आवाज चढला नव्हता, शब्दात कुठे वाकडेपणा नव्हता. घरातली चूल एकच होती, पण धाकटीने थोरलीला वेगळं काढलं होतं.

थोरलीने पासवर्ड ठेवला, चांगला लांबलचक. पुन्हा वेल रेखली. आधीपेक्षाही सुरेख जमली. कुणीतरी येईल आणि बघेल म्हणून ती खिडकी उघडी ठेवून बसून राहिली. आल्या त्या सासूबाई. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली.

"तुझं झालं असेल तर धाकटीची खिडकी लाव ना जरा. बिल्ला बघायचाय."

"आई, ही वेल..." असं ओठांवर आलेलं तिने गिळलं. आपल्या हाताने आपली खिडकी मिटली, धाकटीच्या खिडकीवर टिचकी मारली आणि, आता पासवर्ड मागेल, धाकटीला हाक मारावी लागेल, म्हणून थांबली.

खिडकी सरळ उघडली. धाकटीने तिला पासवर्ड ठेवलाच नव्हता.

समोर नवा बिल्ला होता, जवळजवळ पुरा झालेला. स्नॅपशॉटचं बटण वर तिथेच होतं. थोरलीने माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला. धाकटीचा एवढा हेवा तिला आजवर कधी वाटला नव्हता.