खेचराची मागची सीट

आमच्या विमानतळावर त्या विमानाला सगळे खेचर म्हणत. युद्ध हरून जर्मन गेले तेव्हा मागे सोडलेल्या फायटरचं त्याचं धड होतं, पण त्याची मूळ इंजिनं मिळेनात, म्हणून बॉम्बरचं जड इंजिन आणि रुंद पात्यांचा पंखा त्याच्या नाकावर बसवला. जमिनीवर ते एका अंगाला ओढायचं, आणि धरून ठेवलं नाही तर भलतीकडेच जायचं. नवशिक्यांसाठी तसल्या काही विमानांना मागे दुसरी सीट बसवली, तिथे शिकवणारा बसे. मी तिथे लष्करी नोकरीत इंजिनं उघडायचो. मागच्या सीटवर बसायचं मला कधी कारण पडलं नाही.

नोकरी संपल्यावर मी ओतशाळेत लाकडी साचे करायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. त्यानंतर विमानांच्या प्रतिकृती करू लागलो. बायको गेल्यावर स्वयंपाकघरातलं टेबल मोकळंच होतं.

माझ्या वरच्या मजल्यावर व्लास्ताबाई राहत. कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर कोट शिवले. त्यांचा थोरला भाऊ रादिम त्या दोन सीटच्या खेचरात मेला, मी विमानतळावर जायच्या आदल्या साली. विमान उतरलं, चाकं टेकली आणि ते एका अंगाला ओढत बाजूला धावलं. मैदान सपाट करायचा लोखंडी रोलर कडेला उभा होता, त्यावर जाऊन आदळलं. रादिम पुढे होता, तो गेला. मागे बसलेल्या श्पाचेकचं, त्याच्या शिकवणाऱ्याचं, पायावर निभावलं. चौकशीत श्पाचेक एवढंच म्हणाला की मला रोलर दिसला नाही. एवढा मोठा रोलर दिसला नाही म्हणतो, असं गावभर झालं. त्याचं उडणं सुटलं. पुढे तो साखर कारखान्यात साखरेच्या बिटाच्या गाड्यांचं वजन करायला लागला, लंगडत लंगडत.

व्लास्ताबाईंनी त्याला कधी माफ केलं नाही. नोव्हेंबरात आम्ही मेलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो, त्या दिवशी श्पाचेक दरवर्षी रादिमच्या थडग्यावर शेवंती ठेवून जाई. व्लास्ताबाई दरवर्षी ती उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकत. रस्त्यात भेटला की तो टोपी काढी. व्लास्ताबाई दुकानाच्या काचेकडे बघत.

माझ्या टेबलावरची विमानं बघून एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो शेजारी, ही सगळी दुसऱ्यांची. आमच्या रादिमचं कधी करणार?"

मी सांगितलं की तसलं खेचर जोडायच्या सुट्या भागांच्या डब्यात विकत मिळत नाही. जर्मन फायटरचा मोठा डबा घ्यायचा, नाक कापायचं आणि पाठ फोडून मागे जागा करायची. त्या म्हणाल्या, मग कापा. माझी मुलगी इर्मा व्हिएन्नात असते. तिला सांगून डबा मागवला.

उन्हाळाभर ते काम चाललं. नाक मी लिंडनच्या मऊ लाकडाचं कोरलं, पंख्याची पाती एकेक करून घासली. पाठ करवतीने कापताना प्लास्टिक चिरलं, ते सांधून पुन्हा कापलं. काचेसाठी लाकडाचा साचा केला, शेगडीवर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा मऊ केला आणि त्यावर ओढला. पहिल्या काचेत बुडबुडे आले, दुसरी सुरकुतली, तिसरी साधली. व्लास्ताबाई संध्याकाळी खाली येत, वास मारणारं आमचं चीज आणि कांदा घेऊन, आणि बघत बसत. म्हणत, "तुमच्या घरात विमानापेक्षा या चीजचा वासच जास्त उडतोय," आणि खिडकी उघडत.

दोन गोष्टींत त्यांनी माझं काही चालू दिलं नाही. एक, पुढच्या सीटवर रादिमचा छोटासा पुतळा हवा, चामडी टोपी घातलेला. मागची सीट रिकामी हवी. "त्याला माझ्या भावाच्या पाठीशी बसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा बसला तेवढं पुरे." दुसरं, चाकं नकोत. जमिनीवर आला म्हणून तो मेला, तेव्हा याला हवेतच ठेवा. मी चाकं डब्यातच राहू दिली आणि विमान तारेच्या दांड्यावर चढवलं, उतरायला येतंय असं, नाक किंचित खाली.

ऑक्टोबरात ते पुरं झालं. त्या आल्या आणि बराच वेळ नुसत्या रादिमच्या टोपीकडे बघत राहिल्या. मग एप्रनच्या खिशातून दोऱ्याचं रीळ काढून त्यांनी ते रोलर म्हणून टेबलावर विमानाच्या पुढे उभं केलं. माझ्याकडे दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा असतो, आतल्या बाजू रंगवताना बघायला. मागची काच सरकवून त्यांनी तो रिकाम्या सीटवर धरला, जिथे श्पाचेकचं डोकं असेल तिथे, आणि वरून वाकून बघितलं.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "खांद्याच्या बाजूने स्वच्छ दिसतंय."

मी म्हटलं, व्लास्ताबाई, हे हवेत आहे. तो तेव्हा जमिनीवर होता.

"हवेतूनच आला ना? वरून दिसलाच असेल. आणि बोलला खोटं."

एरवी संध्याकाळी आम्ही एकेक बिअर प्यायचो, त्या दिवशी प्यायलो नाही. रीळ तिथेच ठेवून त्या वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या श्पाचेकच्या घरी गेल्या. सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि तेव्हा त्या खूश होत्या. त्याने दार उघडलं. ओळखून टोपी काढायला हात डोक्याकडे नेला, पण घरात डोक्यावर टोपी कुठली. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या की मी विमान करवून घेतलंय, मागच्या सीटवरून बघितलंय आणि मला रोलर दिसला. त्याने हात खाली घेतला. मग म्हणाला, "तुम्हाला दिसला म्हणता, तर दिसत असेल, बाई." एवढंच. भांडला नाही. त्यांना वाटलं, कबूल झाला.

नोव्हेंबरात रादिमच्या थडग्यावर शेवंती आली नाही. व्लास्ताबाई कचऱ्याच्या ढिगाकडे जाण्यासाठी म्हणून तयारीत आल्या होत्या.  मेणबत्त्या लावल्या आणि आम्ही परत आलो. वाटेत त्या म्हणाल्या, लाज वाटली असेल त्याला. 

नंतर थंडी पडली. एक दिवस कपाट साफ करताना माझा हात लागला आणि विमान दांड्यावरून खाली आलं. पंखाचं टोक तुटलं, तारेचा दांडा मुळाशी मोडला. पंख चिकटवायला विमान कशावर तरी उभं करायला हवं होतं, म्हणून मी डब्यातली चाकं काढून लावली. आता ते खेचर खरं उभं राहायचं तसं उभं राहिलं, नाक वर करून आणि शेपूट टेकून.

व्लास्ताबाई पंख बघायला आल्या. चाकं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण डिंक वाळेपर्यंतच आहे म्हटल्यावर बसल्या. रीळ अजून टेबलावर होतं, मी ते दोऱ्याला वापरत होतो. सवयीने त्यांनी ते पुढे सरकवलं आणि आरसा मागच्या सीटवर धरला.

बघत राहिल्या. रीळ जवळ ओढलं, पुन्हा बघितलं. डावीकडे केलं, उजवीकडे केलं.

"हे रीळ कुठंय?"

"तुम्ही ठेवलंत तिथेच आहे."

"मला टोपी दिसते. नुसती टोपी दिसते, आणि वर तुमचा दिवा."

आरसा मी घेतला. रादिमचं डोकं दिसत होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनाची उंच पाठ, आणि वर छत. जमिनीवर असताना मागच्या माणसाला विमान वळतंय एवढं कळे. ते कशाकडे वळतंय ते दिसायला जागाच नव्हती.

व्लास्ताबाईंनी रीळ खिशात टाकलं आणि कोट घालायला लागल्या. मी म्हटलं उद्या जाऊ, बर्फ पडतंय. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं त्याने टोपी काढली, आता उद्या कशाला?" मीही कोट घातला.

श्पाचेकच्या इमारतीच्या दारावर काळ्या कडेचा कागद चिकटवला होता. आमच्याकडे माणूस गेला की असा छापील कागद लावतात. व्लास्ताबाई चष्मा विसरल्या होत्या. मला वाचायला सैन्यात शिकवलं, त्याआधी मी गुरांमागे होतो, त्यामुळे अजूनही एकेक अक्षर लावत वाचतो. मोठ्या अक्षरांतलं नाव मी मनातच वाचलं होतं, तरी त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं. ओताकार श्पाचेक. पुढे लिहिलं होतं की त्यांच्या इच्छेनुसार निरोपाचा कोणताही विधी नाही.

"कधी पुरणार?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की विधी नाही म्हणजे काहीच नाही. जाळतात आणि राख स्मशानाच्या हिरवळीवर पसरतात.

खालच्या मजल्यावरच्या बाईने सांगितलं की झालंसुद्धा. बहीण ना भाऊ, कोण येणार होतं? गेले काही आठवडे तो बाहेरच पडला नाही, ती म्हणाली, पाव आम्हीच आणून द्यायचो.

रविवारी आम्ही स्मशानात गेलो. व्लास्ताबाईंनी शेवंती घेतली होती, पांढरी, जशी तो आणायचा तशीच. हिरवळीवर पातळ बर्फ होतं आणि वर कोणाचीच पावलं नव्हती. तिथे नावं नसतात. राख कुठे टाकली ते सांगतही नाहीत, कडेला एकच मोठा दगड आहे, सगळ्यांचा मिळून. त्यावर दुसऱ्या कोणाकोणाच्या मेणबत्त्या होत्या. व्लास्ताबाई हिरवळीच्या कडेकडेने चालत गेल्या आणि परत आल्या.

"शेजारी, मी कुठे ठेवू?"

मी मोठ्या दगडाकडे बोट केलं. त्या दगडाजवळ त्यांना ठेवायची नव्हती. तिथे सगळे आहेत, त्या म्हणाल्या, मला त्याच्यापाशी ठेवायचीय. काही वेळाने पाय गारठले तेव्हा आम्ही निघालो. फुलं त्यांच्या हातातच होती. रादिमच्या थडग्याजवळून वाट जाते, तिथेही त्यांनी ती ठेवली नाहीत. फाटकाशी कचऱ्याचा ढीग आहे, तोच, त्याच्यापाशी त्या थांबल्या आणि मग फुलं छातीशी धरून बस येईपर्यंत उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या खाली आल्या नाहीत. जिन्यात भेटल्यावर मी विचारलं की तारेचा दांडा नवा केलाय, चाकं काढू का.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "आणि मला दाखवू नका."

विमान कपाटावर आहे, शेपूट टेकून. धूळ पुसताना मी कधी कधी मागे आरसा धरतो. रादिमची टोपी दिसते. तिच्यापलीकडे काही दिसत नाही.